एकाच तारखेला जन्मलेले संगीतकार आणि आठ या आकड्याची बदनामी

आपला प्रश्न असा आहे की, एकाच दिवशी जन्मलेले नामवंत गायक, संगीतकार आणि संगीत निर्माते कोणते, आणि त्या तारखेचा त्यांच्या कलेशी काही संबंध असतो का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण या विषयावर आमच्या घरात काही वर्षे वाद चालू आहे. संबंध नसतो. तारखेवरून कोणाला गाणे येईल आणि कोणाला येणार नाही हे सांगणारा माणूस कितीही आपुलकीने बोलत असला तरी त्याला घरातल्या मुलांपासून दूर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या भागापुरती काही नावे देतो. पंडित रविशंकर (१९२०) आणि अमेरिकेतील गायिका बिली हॉलिडे (१९१५) या दोघांचा जन्म ७ एप्रिलचा. एम. एस. सुब्बुलक्ष्मी (१९१६) आणि ब्लूज गाणारे बी. बी. किंग (१९२५) यांचा १६ सप्टेंबरचा. हिंदी चित्रपटांत डिस्को रुजवणारे बप्पी लाहिरी (१९५२) आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स (१९४२) यांचा २७ नोव्हेंबरचा. निर्मात्यांपैकी, बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांमागे ज्यांचे डोके होते ते जॉर्ज मार्टिन ३ जानेवारी १९२६ चे, आणि लेड झेपेलिनमध्ये बास वाजवणारे जॉन पॉल जोन्स ३ जानेवारी १९४६ चे. संगीत निर्माते ब्रायन ईनो (१९४८) आणि संगीतकार-वादक माइक ओल्डफिल्ड (१९५३) हे दोघेही १५ मेचे. किशोरकुमार ४ ऑगस्ट १९२९ चे, आणि जॅझमधील ट्रम्पेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग यांचीही तारीख आता ४ ऑगस्टच मानली जाते. ‘आता’ असे का म्हटले ते पुढे सांगतो.

८ या तारखेची नावे मात्र मी मुद्दाम वेगळी ठेवली आहेत, कारण तो आकडा आमच्या घरातला आहे.

माझ्या मुलीचा जन्म ८ ऑगस्टचा. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. ती लहानपणापासून नौपाड्यात एका बाईंकडे गाणे शिकत होती आणि २०१८ साली मध्यमा पूर्ण होऊन विशारदच्या तयारीला लागली होती. माझी आई पहाटे तिला उठवून रियाजाला बसवीत असे. तानपुऱ्याचा सूर लावून देणे हे आजीचे काम, आणि ते दोघींनाही आवडत असे. त्या वर्षी दिवाळीचा पाडवा ८ नोव्हेंबरला आला होता. माझे आतेभाऊ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, फराळाला आले. अण्णा अंकशास्त्र पाहतात, म्हणजे जन्माच्या तारखेतले आकडे एकच आकडा उरेपर्यंत मिळवून त्या आकड्यावरून, म्हणजे मूलांकावरून, भविष्य सांगतात. त्यासाठी ते पैसे घेत नाहीत, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसतो. मुलीने दोन चिजा म्हणून दाखवल्या. त्या ऐकून झाल्यावर अण्णांनी खिशातले पेन काढले, भिंतीवरच्या कालनिर्णयच्या कडेला कोऱ्या जागेत तिची जन्मतारीख लिहिली, बेरीज केली, आठाभोवती गोल काढला आणि आईला म्हणाले, “मामी, नातीचा मूलांक आठ आहे. आठ म्हणजे शनी. गाण्यात हिला नुसते कष्ट आहेत, यश नाही. क्लासचे पैसे वाचवा आणि कॉमर्सला घाला.”

मुलगी समोरच बसली होती. चकलीचा तुकडा हातात तसाच धरून ती त्या गोलाकडे पाहत राहिली. मी तेव्हा काही बोललो, पण सणाच्या दिवशी थोरल्या भावाला जितके बोलता येते तितकेच. खरा परिणाम दुसऱ्या दिवसापासून दिसू लागला. आईने नातीला उठवणे बंद केले. तिने वाद घातला नाही, विरोधही केला नाही. फक्त “कशाला झोपमोड करायची पोरीची” असे म्हणू लागली. मुलीने आधी रविवारचा क्लास सोडला, मग आठवड्यातला. पुढे बाईंचाच फोन आला की, मुलगी आजारी आहे का. ज्या आजीने ते गाणे इतकी वर्षे सांभाळले, तिच्याच हाताने ते बंद व्हावे, हे मला आजही सहन होत नाही.

त्या दिवसांत मी रात्री बसून एका वहीत तारखा लिहून काढल्या. अण्णांच्या शास्त्राप्रमाणे ८, १७ आणि २६ या तिन्ही तारखांचा मूलांक आठ येतो. आता पाहा. आशा भोसले ८ सप्टेंबर १९३३. त्याच तारखेला १९२६ साली आसामात सदिया येथे जन्मलेले भूपेन हजारिका. कुमार गंधर्व ८ एप्रिल १९२४. पु. ल. देशपांडे ८ नोव्हेंबर १९१९, म्हणजे ज्या पाडव्याला आमच्या घरात आठाची ही बदनामी चालली होती त्याच दिवशी पुलंच्या जन्मशताब्दीचे वर्ष सुरू होत होते. बालगंधर्व २६ जून १८८८. हृदयनाथ मंगेशकर २६ ऑक्टोबर १९३७. परदेशातले हवे असतील तर संगीतकार ड्व्होर्झाक ८ सप्टेंबर १८४१, आणि गायक एल्विस प्रेस्ली (१९३५) व डेव्हिड बोवी (१९४७) हे दोघेही ८ जानेवारीचे. मराठी माणसाच्या कानावरून या आठाच्या मंडळींना वगळले तर मागे काय उरेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

वही दाखवल्यावर अण्णांचे उत्तर तयार होते. ते म्हणाले, “कुमारांना क्षय झाला, फुप्फुस गेले, कित्येक वर्षे गाणे बंद. हाच तर शनी.” मला या उत्तराचा अधिक राग आला. कुमार गंधर्वांना क्षय जंतूंमुळे झाला, १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहिले, आणि स्ट्रेप्टोमायसिन नावाचे औषध तेव्हा नव्याने मिळू लागले होते म्हणून ते वाचले. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली आणि पुढे एका फुप्फुसावर, लहान लहान आवर्तनांत बसेल असे स्वतःचे गाणे उभे केले. हे सारे श्रेय एका ग्रहाला देणे म्हणजे त्या माणसाची अवहेलना आहे. शिवाय भीमसेन जोशी ४ फेब्रुवारीचे. तेही १९३३ साली अकरा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात घरातून पळाले आणि वर्षानुवर्षे वणवण केली. कष्ट प्रत्येकाच्या चरित्रात सापडतात. ते आठात सापडले की शनी आणि चारात सापडले की साधना, हा कोणता न्याय?

२०१९ साली ८ सप्टेंबरला रविवार होता आणि गणपती बसलेले होते. आमच्या सोसायटीच्या मंडपात त्या संध्याकाळी मी कार्यक्रम ठेवला आणि त्यात फक्त या मंडळींची गाणी घेतली. निवेदन मीच केले. मुलीने आधी नकार दिला होता. बाई स्वतः पेटीवर बसतो म्हणाल्या तेव्हा ती तयार झाली. तिने हृदयनाथांनी बांधलेले आणि आशाताईंनी गायलेले एक भावगीत म्हटले, त्यानंतर एक निर्गुणी भजन, आणि शेवटी ‘इंद्रायणी काठी’. हे शेवटचे गाणे मी हट्टाने घ्यायला लावले, कारण अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ मधील या गाण्याचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पुलंची, आवाज भीमसेनांचा. तारखा पाहिल्या तर १ ऑक्टोबर, ८ नोव्हेंबर आणि ४ फेब्रुवारी. एक, आठ आणि चार. तिघांचे मूलांक तीन वेगवेगळे, आणि तरीही सत्तरएक वर्षे हे गाणे महाराष्ट्राच्या घराघरांत ऐकले जात आहे. मी हे माइकवर सांगितले. अण्णा “अपवाद असतात” एवढेच म्हणाले. आई मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तानपुऱ्यापाशी बसलेली दिसली, आणि माझ्या दृष्टीने त्या वादाचा निकाल तिथेच लागला. मुलगी पुढे विशारद झाली. आज ती नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लहान मुलांना शिकवते.

याहून मोठा पुरावा हवा असेल तर मंगेशकरांच्या घराकडे पाहावे. मास्टर दीनानाथ २९ डिसेंबरचे, लतादीदी २८ सप्टेंबरच्या, आशाताई ८ सप्टेंबरच्या, हृदयनाथ २६ ऑक्टोबरचे. तारखा वेगळ्या, घर एक, आणि त्या घरात पहाटेपासून कानावर पडणारे गाणे एक. उलट बाजूने ब्राम्स आणि त्चायकोव्स्की हे पाश्चात्त्य संगीतकार पाहावेत. दोघेही ७ मेचे, अनुक्रमे १८३३ आणि १८४० चे. दोघांची भेट १८८८ च्या आरंभी लाइपझिगमध्ये झाली. माणूस म्हणून त्यांना एकमेकांविषयी आदर होता, पण त्चायकोव्स्कीला ब्राम्सचे संगीत कोरडे वाटे. पुढच्या वर्षी ब्राम्स हॅम्बुर्गमध्ये एक दिवस मुक्काम वाढवून त्चायकोव्स्कीच्या पाचव्या सिंफनीच्या तालमीला थांबला आणि शेवटचा भाग आवडला नाही असे त्याने तोंडावर सांगितले.

शिवाय तारीख म्हणजे तरी काय? जर्मन संगीतकार बाख जन्मला तेव्हा त्याच्या गावच्या पंचांगात २१ मार्च १६८५ होता. आजच्या पंचांगाने तो दिवस ३१ मार्च येतो. मग त्याचा मूलांक तीन धरायचा की चार? लुई आर्मस्ट्राँग हयातभर ४ जुलै १९०० हीच आपली तारीख सांगत राहिले. त्यांच्या निधनानंतर बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तिच्यात ४ ऑगस्ट १९०१ लिहिलेले होते. तमिळ चित्रपटांचे संगीतकार इळैयराजा जन्मले ३ जूनला, पण तो तमिळनाडूचे नेते करुणानिधी यांचा वाढदिवस असल्याने त्यांनी आपला वाढदिवस २ जूनला साजरा करायचे ठरवले. आणि आपल्याकडे शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी सरळ १ जून लिहीत, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला हवे? माझ्या वडिलांची कागदोपत्री तारीख १ जूनच होती. आजीच्या सांगण्याप्रमाणे ते भर आषाढात जन्मले.

आता दोन गोष्टी न्याय म्हणून सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, मी केलेली आठाची यादी हा आठाच्या बाजूचा पुरावा नाही. महिन्यातल्या तीन-चार तारखा एका मूलांकात येतात, तेव्हा अशी भरदार यादी कोणत्याही आकड्याची करता येईल. एकाच्या रांगेत लतादीदी, सचिनदेव बर्मन आणि गदिमा बसतील. दुसरी अशी की, तारखेला अर्थ नसला तरी सालाला आहे. सुधीर फडके, गदिमा, पुलं, मन्ना डे आणि नौशाद हे सगळे १९१९ चे. ही मुले बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हा १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, आणि ती विशीत पोहोचली तेव्हा बोलपट आणि आकाशवाणी या दोन्ही ठिकाणी नव्या शब्दांची आणि नव्या चालींची गरज निर्माण झालेली होती. त्याच पिढीतल्या फडके आणि गदिमांच्या हातून १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण झाले, ते या गरजेतून. मजरूह सुलतानपुरी यांचीही जन्मतारीख गदिमांचीच, १ ऑक्टोबर १९१९, साल धरून. एकाने शेटफळ्यात जन्मून ओवी-अभंग कानात साठवले, दुसरा हकिमी शिकून मुशायऱ्यांतून मुंबईला आला. दोघेही मोठे गीतकार झाले, पण एकाची ओळ दुसऱ्याची म्हणून खपणार नाही.

म्हणून आपण जी यादी करीत आहात ती जरूर करावी, एका तारखेच्या दोघांना एका बैठकीत ऐकण्यासाठी ती उत्तम निमित्त आहे. ८ सप्टेंबरला आशाताई आणि भूपेनदा लागोपाठ ऐकून पाहावेत. फक्त तारखेच्या पुढे साल, गाव आणि गुरू असे तीन रकाने वाढवावेत. कुमारांपुढे सुळेभावी आणि देवधर मास्तर, भीमसेनांपुढे गदग आणि सवाई गंधर्व, असे भरत जावे. आणि घरात कोणी मुलांच्या जन्मतारखेची बेरीज करायला बसला, तर ती मुलांच्या समोर करू देऊ नये, मग तो पाहुणा वयाने कितीही मोठा असो.