एकपात्री, कथाकथन की आत्मकथन?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची भाची एकटी रंगमंचावर उभी राहून तासभर स्वतःचंच सांगते: आई विड्या वळायची, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दख्खनी, आणि या सगळ्यातून वाढलेली ती. पत्रिका छापायची आहे. भाचीला ‘स्पोकन वर्ड स्टोरीटेलिंग’ हवंय, मामांनी ‘एकपात्री’ सुचवलं, शेजारचे निवृत्त गुरुजी ‘कथाकथन’वर अडून बसलेत. मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मामा चूक नाहीत, पण अर्धंच बोललेत. एकपात्री म्हणजे एकच पात्र, असा शब्दशः अर्थ घेतला तर पंचाईत होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे 52 पात्रं उभी करायचे. पु. लं.नी 1961 पासून ‘बटाट्याची चाळ’ अख्खी एकट्याने वसवली. तरी दोन्ही एकपात्रीच. म्हणजे या शब्दातलं ‘पात्र’ हे नाटकातलं पात्र नव्हे, समोर उभा असलेला माणूस. हा शब्द माणसं मोजतो. गोष्ट कुणाची, हे सांगत नाही. शिवाय युवा महोत्सवातल्या ‘एकपात्री अभिनय’ स्पर्धेमुळे कॉलेजातल्या पोरांना एकपात्री म्हटलं की दुसऱ्याचं सोंग वठवणंच आठवतं. तुमची भाची सोंग घेत नाही, निदान मुख्यतः नाही.

गुरुजींचं ‘कथाकथन’ घ्या. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी हा शब्द गावोगाव पोचवला, आणि मिरासदारांचा जन्म तर आपल्या जिल्ह्यातल्या अकलूजचा. त्यामुळे गुरुजींचा ओढा समजू शकतो. पण त्या परंपरेत कथा आधी रचलेली असते, बहुधा छापूनही आलेली, आणि सांगणारा तिच्या कडेला उभा राहून सांगतो. श्रोत्याला त्यातला बेरकी पाटील किंवा उनाड पोरगा खरा होता का, याची फिकीर नसते. इथे मात्र सगळा डोलारा ‘हे माझ्यावर गुजरलंय’ या एका वाक्यावर उभा आहे. ते काढलं की उरते ती फक्त गोष्ट.

मग ‘आत्मकथन’? या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. ‘आत्मचरित्र’ला थोरामोठ्यांच्या कृतार्थ आयुष्याचा वास येत होता. 1978 साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, पाठोपाठ दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांची पुस्तकं आली, आणि त्यांच्यासाठी आत्मकथन, स्वकथन हे शब्द रुजले. म्हणून आज आत्मकथन म्हटलं की डोळ्यापुढे पुस्तक येतं. पण ‘कथन’ मुळात तोंडानेच करायचं असतं. छापील पानाने पळवलेला शब्द रंगमंचावर परत आणला तर बिघडलं कुठे?

‘अनुभवकथन’ही चालेल असं कुणी म्हणेल. अर्थाने बरोबर आहे, पण त्याला सत्कार समारंभाचा हार घातलेला आहे: ‘गुणवंत विद्यार्थ्यांचे अनुभवकथन’, मग आभार, मग चहा. ‘स्वगत’ नको, कारण नाटकातलं स्वगत कुणी ऐकत नाही असं धरून बोललं जातं, आणि भाची तर पहिल्या रांगेच्या डोळ्यात डोळे घालून बोलत असणार. ‘आपबीती’त फक्त संकटच येतं, आईने सुपातली तंबाखू सारून मांडीवर जागा करून दिली, हे काही संकट नव्हे.

हा प्रकार परदेशातून आलाय, आपल्याकडे नव्हताच, असं गुरुजींचं म्हणणं असेल तर त्यांना भाण दाखवा. संस्कृत नाट्यशास्त्रातल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, हा एक. भरताने त्याला ‘एकहार्य’ म्हटलंय, म्हणजे एकट्याने पार पाडायचा, आणि त्याचा एक प्रकार ‘आत्मानुभूतशंसी’, आपल्यावर गुजरलेलं सांगणारा. पुढे दहाव्या शतकात धनंजयाच्या ‘दशरूपका’तही ‘स्वानुभूतं परेण वा’ असंच येतं: स्वतः अनुभवलेलं, नाहीतर दुसऱ्याने. समोर कुणी नसताना ‘काय म्हणतोस?’ असं विचारून त्याचं उत्तरही आपणच द्यायचं, ही त्यातली आकाशभाषिताची युक्ती. भाची आईचं वाक्य बोलून लगेच स्वतःचं उत्तर देत असेल, तर ती तेच करतेय. अर्थात पत्रिकेवर ‘भाण’ छापू नका. भाणातला नायक विट असतो, रंगेल आणि धूर्त. आणि सोलापुरात निम्मे लोक तो शब्द ‘भान’ वाचतील.

माझं मत ‘एकपात्री आत्मकथन’ला. पहिला शब्द किती माणसं ते सांगतो, दुसरा कुणाची गोष्ट ते. लांब वाटत असेल तर मोठ्या अक्षरात कार्यक्रमाचं नाव आणि खाली हे. भाचीला ‘स्टोरीटेलिंग’ ठेवायचंच असेल तर ठेवू द्या, पण त्याच्याआधी ‘स्पोकन वर्ड’ नको. तिकडे त्या नावाखाली कविता-सादरीकरणही येतं, आणि हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात आलेला माणूस कवितांच्या अपेक्षेने बसायचा.

ताईंनी जाता जाता विचारलंय की, आईचं ‘काय करूलालीस गं?’ असलं बोलणं भाची रंगमंचावर तसंच ठेवते, ते ‘शुद्ध’ करावं का? अजिबात नाही. ‘काय करते आहेस?’ म्हणणारी आई विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, कुणाला भेटलीय? पत्रिकेची भाषा हवी तर प्रमाण ठेवा, आईच्या तोंडची नको. एक मात्र तिला सांगा: आईच्या तोंडी एकदा ‘करूलालीस’ आणि पुढच्याच वाक्यात ‘करते आहेस’ असं झालं की ऐकणारा अडखळतो.

राहिला मामांचा उपप्रश्न: ‘तिचं एकपात्री बघितलं’ हे व्याकरणात बसतं का? एकपात्री हे मूळ विशेषण. ‘नाटक’ मनात धरून आपण त्याचं नपुंसकलिंगी नाम करून टाकलंय. ‘प्रयोग’ मनात असेल तर ‘तिचा एकपात्री’. बोलण्यात दोन्ही चालतं. पत्रिकेवर मात्र पुढचा शब्द लिहाच.