टेस्टोस्टेरॉन : ब्रँड आणि जेनेरिक

प्रश्न : वय 46. डॉक्टरांनी सस्टॅनॉन 250 हे टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी संप्रेरकाचं) ब्रँडचं इंजेक्शन लिहून दिलं आहे, दर तीन आठवड्यांनी एक. या वेळी औषधवाल्याने ‘हे जेनेरिक, तेच 250 आहे’ म्हणत टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट 250चं स्वस्त इंजेक्शन दिलं. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. हे सस्टॅनॉनचं जेनेरिक नव्हेच. सस्टॅनॉनच्या 1 मिलीमध्ये चार एस्टर (टेस्टोस्टेरॉनची हळूहळू सुटणारी रासायनिक रूपं) असतात : प्रोपिओनेट 30, फिनाइलप्रोपिओनेट 60, आयसोकॅप्रोएट 60 आणि डेकॅनोएट 100 मिग्रॅ. बेरीज 250. प्रोपिओनेट रक्तात लवकर उतरतं, डेकॅनोएट सावकाश. एनॅन्थेटमध्ये एकच एस्टर आहे. दोन्हींतलं प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन जवळपास सारखंच, 176 आणि 180 मिग्रॅ. पण रक्तात ते कधी वाढणार आणि कधी ओसरणार, हे वेगळं. म्हणून दोन इंजेक्शनांमधलं अंतरही डॉक्टरांनाच नव्याने ठरवावं लागतं.

खरं जेनेरिक हवं असेल तर खोक्यावर हीच चार नावं आणि हेच आकडे आहेत का ते पाहा. असतील तर स्वस्त म्हणून कमी प्रतीचं असं समजायचं कारण नाही. मात्र आतल्या कागदावर तेल कोणतं आहे तेही वाचा. सस्टॅनॉन शेंगदाणा तेलात असतं, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला ते चालत नाही. एनॅन्थेट बऱ्याचदा तिळाच्या किंवा एरंडेल तेलात असतं. कंपनी बदलल्यावर टोचल्या जागी खाज किंवा गाठ आली, तर संशय आधी तेलावर घ्यावा.

आणखी एक. ही औषधं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या 65 (11ए) प्रमाणे चिठ्ठीवरच्या अशा औषधाऐवजी दुकानदाराला परस्पर दुसरं देता येत नाही. तुम्ही ते परत करू शकता, आणि करावंच.

डॉक्टरांच्या संमतीने बदल केलात तर तीन-चार इंजेक्शनांनंतर रक्त तपासा : दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधल्या दिवशी, सकाळी, आधीच्याच लॅबमध्ये. टोचल्यावर दोन दिवसांनी तपासलंत तर आकडा फुगलेला दिसेल, पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी तपासलंत तर पडलेला. आणि दोष विनाकारण औषधावर जाईल. सोबत हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) पाहा. ते 54 टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवावं लागतं, मग ते ब्रँडचं असो वा जेनेरिक.

प्रश्न : अमेरिकेत अँड्रोजेल 1 टक्का (कातडीवर लावायचं टेस्टोस्टेरॉनचं ब्रँडचं जेल) वापरत होतो. फार्मसीने जेनेरिक जेल दिलं आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा एकदम तिपटीने वाढला. जेल जास्त तीव्र आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी सांगा, रक्त कोणत्या हातातून काढलं? जेल दंडावर लावलं असेल आणि सुई त्याच हाताला टोचली, तर कातडीवरचं औषध नमुन्यात मिसळून आकडा खोटा वाढतो. जेल दुसऱ्या हाताला किंवा पोटावर लावून, दोन ते आठ तासांच्या आत पुन्हा तपासा.

मग टक्केवारी पाहा. 1 टक्का जेलच्या 5 ग्रॅममध्ये 50 मिग्रॅ औषध असतं आणि त्यातलं सुमारे दहा टक्केच अंगात शिरतं. 1.62 टक्क्यांच्या जेलचं माप वेगळं, त्यामुळे ‘तेवढेच दोन पंप’ हा हिशेब इथे चुकतो. शिवाय किती शिरणार हे जेलच्या बाकी घटकांवरही ठरतं. म्हणूनच 2014 मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषध नियंत्रक संस्था) पेरिगो कंपनीच्या 1 टक्का जेलला अँड्रोजेलशी ‘एबी’ म्हणजे अदलाबदल चालेल असा दर्जा दिला, पण तेवा कंपनीच्या जेलला ‘बीएक्स’, म्हणजे अदलाबदल चालेल असं धरता येत नाही. तुमच्या जेलचा दर्जा फार्मासिस्टला विचारा; तो एफडीएच्या ऑरेंज बुकमध्ये, म्हणजे असे दर्जे देणाऱ्या औषधांच्या यादीत, पाहून सांगेल.

घरात लहान मूल असेल तर लावल्यावर हात साबणाने धुवा आणि जेल वाळल्यावर ती जागा कपड्याने झाका. कातडीवरून मुलाला लागलेलं औषध वेळेआधी वयात आणू शकतं.

प्रश्न : टेस्टोस्टेरॉन सिपिओनेट या इंजेक्शनच्या बाटलीत खडे दिसतात. जेनेरिक आहे म्हणून?

उत्तर : नाही. थंडीने होतं, ब्रँडच्या बाटलीतही. बाटली हातात धरून कोमट करा आणि हलवा, खडे विरघळतील. फ्रिजमध्ये ठेवू नका. तरीही खडे राहिले तर ती बाटली वापरू नका.