फिदायीन म्हणजे हुतात्माच का?

पेडण्यातल्या एका शिक्षिकेने विचारलंय: पत्रादेवीच्या स्मारकापाशी सहावीतला एक मुलगा म्हणाला, ‘बाई, फिदायीन पण हुतात्माच ना?’ त्याला काय सांगायचं?

बाई, मुलाने शब्द बरोबर पकडलाय, म्हणून त्याला गप्प बसवू नका. अरबीत ‘फिदा’ म्हणजे कुणाला सोडवण्यासाठी दिलेला मोबदला. तो मोबदला म्हणून स्वतःचा जीव देणारा तो फिदाई. फिदायीन हे अनेकवचन. आपण गाण्यावर ‘फिदा’ होतो तो हाच शब्द. आणि हुत म्हणजे आहुती दिलेला. दोन्ही शब्द मरणाऱ्याकडेच बघतात. पण १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी पत्रादेवीला आलेले सत्याग्रही निःशस्त्र होते, गोळ्या पोर्तुगीजांच्या होत्या. सत्याग्रहींना कुणाचा जीव घ्यायचा नव्हता, फिदायीन मात्र इतरांना मारायलाच निघतात. हा फरक शब्दात दिसत नाही, तो मुलाला सांगावाच लागेल.

असे आत्मघातकी हल्ले करवणाऱ्या संघटना शब्दांची निवड फार जाणीवपूर्वक करतात. तमिळमध्ये आत्महत्येला ‘तर्कोलै’ म्हणतात. श्रीलंकेतल्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने त्यातलं एकच अक्षर बदलून ‘तर्कोडै’ केलं, म्हणजे आत्मदान. (ही संघटना धार्मिक नव्हती, हेही लक्षात घ्या. सगळं खापर धर्मावर फोडता येत नाही.) अरबीतही ‘इंतिहार’, म्हणजे आत्महत्या, हा शब्द टाळून ‘इस्तिशहाद’, म्हणजे हौतात्म्य पत्करणं, म्हणतात, कारण आत्महत्या धर्माला मंजूर नाही. इस्रायली मानसशास्त्रज्ञ एरियल मेरारी यांनी स्फोटाआधीच पकडल्या गेलेल्या हल्लेखोरांच्या मुलाखती घेतल्या. पॅलेस्टिनी संघटना निघण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर त्या तरुणाचा निरोप चित्रित करून घेत, आणि मग त्याला ‘जिवंत शहीद’ म्हटलं जाई. विचार करा, विशीतला पोरगा! तो अजून जेवतोय, बोलतोय, पण लोकांच्या लेखी गेलेला आहे. आता माघार घेतली तर आईला, मित्रांना तोंड कसं दाखवायचं? मला तरी या नावाइतकी भक्कम बेडी दुसरी दिसत नाही.

‘आत्मघाती’ की ‘आत्मघातकी’, हेही तुम्ही विचारलंय. दोन्ही चालतील. मराठीत ‘घातकी’ रुळलेला असल्याने मला ‘आत्मघातकी’ जवळचा वाटतो. मात्र फातोर्ड्यातल्या फुटबॉल सामन्याच्या बातमीत ‘आत्मघातकी गोल’ नको, तिथे ‘स्वयंगोल’ लिहावं.

मुलाला ‘आत्मघातकी हल्लेखोर’ हा शब्द द्या. त्यात निदान हल्ला तरी आहे. आणि कधी मूळ शब्द लिहायचीच वेळ आली, तर एकट्यादुकट्याला फिदायीन नव्हे, फिदाई म्हणायचं.