नॉर्स पुराणांवर कथा लिहायची आहे. त्यातला गडगडाटाचा देव थोर म्हणजे आपला इंद्रच, असं धरून चाललं तर चालेल का?

नाही चालणार.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: वाचायला कुठून सुरुवात करायची, नावं देवनागरीत कशी लिहायची आणि थोर म्हणजे इंद्र का. पहिल्या दोन्हींची उत्तरं खाली थोडक्यात देतो. लिहायला बसलो तो तिसऱ्यामुळे, कारण ‘वज्र तसा हातोडा, वृत्र तसा सर्प, संपला विषय’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. हा वाद मी बरीच वर्षं घालतोय.

त्या सर्पाचीच गोष्ट घ्या. आइसलँडचा सरदार आणि कवी स्नोरी स्टुर्लुसन याने १२२० च्या सुमारास लिहिलेल्या एड्डा या ग्रंथात ती सविस्तर येते. थोर पोरसवदा रूप घेऊन हीमिर नावाच्या राक्षसाकडे उतरतो. सकाळी हीमिर गरवायला निघतो, तेव्हा थोर म्हणतो, मीही येतो. आमिष काय लावू, तर ‘तुझं तू बघ’. थोर सरळ हीमिरच्या कळपात शिरतो, सगळ्यात मोठा बैल हेरतो आणि त्याचं मुंडकं पिरगाळून काढतो. हे आमिष.

होडी हीमिरच्या रोजच्या जागी पोचते. थोर वल्ही थांबवत नाही. हीमिर म्हणतो, याच्या पुढे सर्पाचा धोका आहे. थोर आणखी पुढे नेतो, गरीला बैलाचं डोकं लावतो आणि दोर सोडतो. पृथ्वीभोवती वेटोळं घालून बसलेला सर्प ते गिळतो, गरी टाळूत रुतते. सर्प असा हिसका देतो की थोरच्या दोन्ही मुठी होडीच्या काठावर आदळतात. मग थोर चिडतो, सगळी ताकद लावून पाय रोवतो आणि होडीच्या तळातून पाय आरपार जाऊन समुद्राच्या तळाला टेकतात. सर्पाचं डोकं वर येतं. दोघे एकमेकांकडे डोळे वटारून बघतात, होडीत पाणी भरतंय, हीमिर पांढराफटक पडलाय. थोर हातोडा उचलतो, आणि तेवढ्यात हीमिर चाचपडत आमिष कापायची सुरी काढून दोर कापून टाकतो. सर्प पाण्यात गडप. थोर मागून हातोडा फेकतो, मग हीमिरच्या कानशिलात अशी हाणतो की तो उलटा समुद्रात पडतो आणि त्याचे तळपाय तेवढे दिसतात. थोर चालत किनाऱ्याला येतो.

आता होडीतून पाय आरपार जाण्याचा तपशील बघा. तो स्नोरीने रंगवून घातला असेल असं वाटतं. पण स्वीडनमधल्या आल्तुना गावी अकराव्या शतकातला एक कोरीव दगड आहे. त्यावर होडीत उभा माणूस, हातात हातोडा, दोराच्या टोकाला जाडजूड आमिष, खाली सर्प, आणि होडीच्या बुडातून बाहेर आलेला पाय. स्नोरीच्या आधी शंभराहून जास्त वर्षं, समुद्रापलीकडच्या देशात. त्या दगडावर हीमिर मात्र नाही. म्हणजे दोर कापणारा कुणी नसला तरी गोष्ट ओळखू येत होती, पण पाय हवाच होता.

आता ऋग्वेदातलं १.३२ सूक्त काढा. इंद्र वृत्राला मारतो, अडलेलं पाणी सुटतं, मामला तिथेच मिटतो. त्वष्ट्याने घडवलेलं वज्र निर्दोष आहे. थोरचा हातोडा जन्मापासूनच आखूड दांड्याचा आहे, कारण तो घडत असताना लोकी हा खोडसाळ देव माशी होऊन भाता चालवणाऱ्या बुटक्याच्या पापणीला चावला, डोळ्यात रक्त उतरलं आणि माशी हाकलायला त्याने क्षणभर भाता सोडला. सर्प निसटतो तो थेट रॅग्नारोकला, म्हणजे देवांच्या शेवटच्या लढाईत, पुन्हा समोर येतो. तिथे थोर त्याला मारतो, नऊ पावलं चालतो आणि विषाने कोसळतो. फेनरिर लांडग्याचंही तेच: देव त्याला मारत नाहीत, रेशमासारख्या मऊ फितीने बांधतात आणि त्या फसवणुकीपायी तीर या देवाचा हात जातो. हे सगळं पुराण उधारीवर चालतं. वसुली शेवटी होते, सगळ्यांची एकदम. तुम्ही इंद्राचा साचा वापरून तिसऱ्याच भागात सर्प मारलात, तर पुढे लिहायला काय उरणार?

नात्याचंच म्हणाल तर ते शब्दांत आहे, आणि भलतीकडे आहे. ‘थोर’ हे नाव ज्या मुळातून आलं, त्यातूनच संस्कृतात गडगडण्याचा ‘स्तन्’ धातू आला. ‘स्तनयित्नु’ म्हणजे मेघगर्जना. आणि ‘तीर’ हे नाव ‘देव’ शब्दाचं सख्खं भावंड. इंद्राचं नाव यात कुठेच नाही. गंमत म्हणजे वारांच्या हिशोबात थर्सडे हा थोरचा वार आपल्याकडे इंद्राच्या गुरूला, बृहस्पतीला गेलाय. तीरला मंगळ मिळाला, थोरच्या बापाला, ओदिनला, बुध.

वाचायचं कसं: आधी स्नोरीच्या एड्डातला ‘गिल्फागिनिंग’ हा भाग. एका बैठकीत होतो. मग पद्य एड्डा या जुन्या कवितांच्या वेगळ्या संग्रहामधलं थ्रिम्सक्विदा, ज्यात चोरीला गेलेला हातोडा परत आणायला थोर नवरी बनून जातो आणि लग्नाच्या पंगतीत एक बैल आणि आठ सामन मासे फस्त करतो. मग त्याच संग्रहातलं लोकासेन्ना. व्होलुस्पा ही कविता शेवटी. हस्तलिखितात ती पहिली आहे म्हणून लोक तिथूनच सुरू करतात, दहाव्या कडव्याला बुटक्यांच्या नावांची यादी लागते आणि पुस्तक मिटतं. आधीच्या गोष्टी माहीत असल्याशिवाय ती कविता नुसती सूचनांची माळ वाटते.

कॉमिक आणि सिनेमातलं डोक्यातून काढा. लोकी थोरचा भाऊ नाही. तो ओदिनचा रक्तभाऊ आहे, म्हणजे फार तर काका म्हणा. ‘नऊ जगं’ आहेत, पण कुठली नऊ याची यादी मूळ साधनांत कुठेच नाही; नकाशे मिळतात ते सगळे नंतरच्यांनी जुळवलेले. शिंगांची शिरस्त्राणं १८७६ साली बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरासाठी शिवलेल्या पोशाखांमधून लोकांच्या डोक्यात बसली.

नावं: इंग्रजी स्पेलिंगवरून लिहू नका. J हे अक्षर दिसलं की य वाचा, आणि शब्दाच्या शेवटचा विभक्तीचा र गाळला तरी चालतो. म्योल्निर (थोरचा हातोडा) यासारख्या काही नावांत तो रुळलाय, तिथे राहू द्या. फ्रेया (देवी), इग्द्रसिल (विश्ववृक्ष). सर्पाचं नाव योर्मुनगंद लिहा. शेवटी ड आणि आधी काना देऊ नका. का, ते मोठ्याने वाचून बघा. ‘थॉर’ लिहावं की ‘थोर’, यावर माझं मत ‘थोर’, मूळ उच्चाराला तेच जवळचं आहे. अडचण एवढीच की मराठीत थोर पुरुषही असतात आणि कुंपणाला थोरही असतो. पहिल्या वाक्यात त्याच्या हाती हातोडा द्या, म्हणजे गोंधळ होणार नाही.

आता एक कबुली, ती आधीच द्यायला हवी होती. सर्प निसटतोच असं सगळे म्हणत नाहीत. दहाव्या शतकाच्या अखेरीस उल्फ उग्गासन या कवीने आइसलँडमधल्या एका श्रीमंत माणसाच्या नव्या दिवाणखान्यातल्या कोरीव फळ्यांवर हुस्द्रापा नावाची कविता रचली. तिच्यात थोर सर्पाचं डोकं धडावेगळं करतो असं दिसतं. हे झालं वृत्राच्या जवळचं, आणि माझ्याशी वाद घालणाऱ्यांनी हे कधी पुढे केलं नाही हे माझं नशीब. त्या फळ्या गेल्या. कवितेचे तुकडे उरले ते स्नोरीने आपल्याच एड्डात उतरवून घेतले म्हणून. त्याच पुस्तकात तो ‘काही म्हणतात डोकं उडालं’ असं सांगतो आणि लगेच, सर्प अजून जिवंत आहे, असंही म्हणून मोकळा होतो.

तेव्हा डोकं उडवायला आधार आहे. उडवायचंच असेल, तर रॅग्नारोकला थोर कुणाशी लढणार ते आधी कागदावर लिहून ठेवा.