फोटोची शंका: आत अंधार, दार पांढरं

प्रश्न: दादा, मी मेहकर तालुक्यातला, जुना कॅनन डीएसएलआर घेतलाय. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात आतून दाराकडं तोंड करून फोटो काढला त बाहेरचं सगळं पांढरंफक, अन बाहेरचं नीट आणलं त आतल्या खांबांवरची नक्षी काळोखात. मग एचडीआर (कमीजास्त उजेडाचे फोटो जोडून एक फोटो) करून पाह्यलं, उणे दोन, शून्य, अधिक दोन असे तीन फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडले, तरी दार पांढरंच. काहून होत असन?

उत्तर: भाऊ, पद्धत बरोबर आहे तुझी, फक्त फोटो कमी पडले. हिशोब करून पाहू. आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन पकडतो तो आकडा) १०० अन एफ/८ (लेन्सच्या भोकाचं माप) ला भर उन्हातल्या अंगणासाठी साधारण १/४०० सेकंद शटर लागतं, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत येतो. अन आत त्याच सेटिंगला अर्धा-एक सेकंद सहज लागतो, कोपऱ्यात त्याच्याहून जास्त. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, म्हणजे १/४०० पासून एक सेकंदापर्यंत आठ-नऊ स्टॉपचा फरक झाला, अन तुझे तीन फोटो पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चारच स्टॉप सरकले. मग दार कुठून येईल?

म्हणून कॅमेऱ्यातल्या एईबीच्या (कमीजास्त उजेडाचे फोटो आपोआप घेणारी सोय) भरवशावर राहू नको, एम मोडवर टाक, म्हणजे सगळं हातानं ठरवायचं. एफ/८ अन आयएसओ १०० ला हात लावायचा नाही, फक्त शटर बदलायचं: १/४००, १/१००, १/२५, १/६, अन मग ०.६ सेकंद. प्रत्येक फोटोत दोन-दोन स्टॉपचं अंतर. अॅपर्चर (तो एफचा आकडा) बदललं की मागचं-पुढचं धूसर होणंही बदलतं अन फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणून शटरच. आता हे आकडे पाठ करू नको, तिथला उजेड वेगळा असू शकतो, हिस्टोग्राम (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, डावीकडं काळं, उजवीकडं पांढरं) पाहा. सगळ्यात काळ्या फोटोत आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला नको, चिकटलेला नसला म्हणजे दाराबाहेरचं सापडलं. सगळ्यात उजळ फोटोत डाव्या भिंतीला चिकटलेला नको, म्हणजे खांब सापडले. चिकटत असेल त त्या बाजूला अजून एक फोटो घे, एवढाच नियम आहे अन माझ्या मते नवशिक्यानं सगळ्यात आधी हाच शिकावा, सॉफ्टवेअर मागून.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाइल) घे, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, फोकस एकदा झाला की लेन्सवरचं बटण मॅन्युअलला सरकव, अन दोन सेकंदाचा टायमर लाव म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. ती नसेल त कापडी पिशवीत तूर भरून ती जमिनीवर ठेव अन तिच्यावर कॅमेरा टेकव, खालून वर पाहिलं की छतावरची नक्षीही मस्त येते.

जोडायला ल्युमिनन्स एचडीआर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातल्या टोन मॅपिंगची (जोडलेला सगळा उजेड-अंधार स्क्रीनवर मावेल असा दाबणं) ताकद मात्र कमीच ठेव. ती वाढवली की दाराच्या कडेला पांढरट वलय दिसतं अन दगड राखेसारखा होतो, अन आपल्याकडचा काळा पाषाण काळाच दिसला पाहिजे राजा, आत गेल्यावर डोळ्याला जेवढा अंधार वाटतो तेवढा फोटोतही राहू दे. अन जमलं त ढगाळ दिवशी जा, बाहेरचा उजेड दोन-तीन स्टॉप उतरतो, फोटोही कमी लागतात.

प्रश्न: दादा, मी घाटंजीकडची. कापूस वेचणाऱ्या बायांचे फोटो मोबाइलवर काढते. एचडीआर चालू असलं की कधीकधी बाईचा एकच हात दोनदा दिसतो. अन भाऊ म्हणतो का असं जोडून केलेला फोटो खोटाच असते. खरं आहे का?

उत्तर: ताई, भावाला सांगा, १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राचा एक निगेटिव्ह अन आभाळाचा दुसरा घेऊन दोन्हीचा मिळून एक फोटो छापत होता, कारण एकाच निगेटिव्हवर दोन्ही नीट येत नव्हतं. तेव्हापासून लोक हे करतायत, यात खोटं काही नाही.

हातांचं म्हणाल त मोबाइल पटापट बरेच फोटो घेऊन जोडतो, तेवढ्यात बाईचा हात बोंडावरून ओटीत गेलेला असतो. वेचणाऱ्या हाताला थांबा कसं म्हणणार, अन म्हणूही नये, थांबलेला हात लगेच कळतो. अशा वेळी एचडीआर बंद करा, स्क्रीनवर आभाळावर बोट टेकवा, उजेड थोडा खाली ओढा अन एकच फोटो घ्या. प्रो मोडमध्ये रॉ असेल त रॉ. मग स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अॅपमध्ये फक्त सावल्या उचला, म्हणजे काळा भाग उजळ करा. त्यातलं एचडीआर स्केप नावाचं फिल्टर वापरू नका, ते एकाच फोटोला ताणतं, बायांचे चेहरे मळकट करून टाकतं.

खरं म्हणजे सकाळी बाया वावरात पोचतात तेव्हाच काढा, उन्ह तुमच्या पाठीमागून त्यांच्या तोंडावर येईल असं उभं राहून. तेव्हा आभाळात अन चेहऱ्यात एवढा फरकच नसतो, जोडायची गरजच पडत नाही.