वर्गात मराठी, कानडी, हिंदी अशा तीन घरची मुलं असतील तर इंग्रजीचा तास पूर्ण इंग्रजीतूनच घ्यावा का?

तुम्ही हातकणंगल्याकडं सहावीला शिकवता. वर्गात फक्त इंग्रजीच बोलायचा नियम करावा का आणि उच्चार ब्रिटिश ठेवावा की अमेरिकन, हे तुम्ही विचारलंय. नियम करू नका. 'घरची भाषा बोलल्यास दंड' असली पाटी दिसली की माझं डोकं फिरतं, त्यामुळं थोडी लांबण लागेल.

आधी वर्गात भाषा किती आहेत ते नीट मोजा. दाखल्यावरच्या 'मातृभाषा' रकान्यावर जाऊ नका, तिथं बऱ्याचदा सरसकट मराठी लिहिलेलं असतं. "आजीशी कुठल्या भाषेत बोलतोस?" असं विचारा. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आलेल्या घरांतला, तुम्ही 'हिंदी' धरलेला पोरगा भोजपुरी किंवा ओडिया निघतो आणि तुमचा तीन भाषांचा वर्ग पाच भाषांचा होतो.

आता एक तास कसा जातो ते सांगतो. फळ्यावर सहा जोड्या लिहा: लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट, ओल्याचं वेट आणि थांबण्याचं वेट, याच चालीवर आणखी तीन. मराठी घरची मुलं दोन्ही शब्द हुबेहूब सारखे म्हणतात. यात आळस नाही. मराठीला ए एकच आहे, मग फरक कानाला लागणार कसा? कानडीत मात्र ए दोन आहेत. 'एरडु' म्हणजे दोन, त्यातला ए ऱ्हस्व. 'एळु' म्हणजे सात, त्यातला दीर्घ. ओचंही तेच: 'ओंदु' म्हणजे एक, 'ओदु' म्हणजे वाच. शिरोळकडच्या ज्या मुलीला वर्ग 'कानडी अप्पा' म्हणून चिडवतो, तिला उभी करा आणि हे चार शब्द तीनतीनदा म्हणायला लावा. बाकीच्यांनी ऱ्हस्वाला मूठ मिटायची, दीर्घाला हात पसरायचा. हात बरोबर पडायला लागले की मगच फळ्यावरच्या जोड्यांकडं या: लिहायच्या पेनला मूठ, दुखण्याच्या पेनला पसरलेला हात. क्रम उलटा केलात तर पोरं स्पेलिंग बघून अंदाज मारतात आणि कान बंदच राहतो. शेवटी एकानं वर्गाकडं पाठ करून शब्द म्हणायचा आणि बाकीच्यांनी हातानं उत्तर द्यायचं. ओठ दिसले तर ती परीक्षा नव्हे. दहात आठ बरोबर आले की थांबा. एका तासात सहाच्या वर जोड्या घेतल्या की त्याचा पाढा होतो.

दुसऱ्या दिवशी उलटं, मराठी मुलं शिकवतात आणि बाकीची ऐकतात. कानडी घरचं मूल 'बस्सु', 'बुक्कु' म्हणतं. त्याला मराठी मुलाच्या तोंडून 'दगड', 'माणूस' ऐकवा, शब्द व्यंजनावर थांबवता येतो हे तिथं कळतं. भोजपुरीवाल्याचं 'इस्कूल' असेल तर 'स्थळ', 'स्नान' घ्या आणि आधी नुसता लांब स्स्स् काढायला लावा.

आता उच्चार. दोन्हींपैकी एकही नको. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग बाहेर जातं तेव्हा पलीकडं जर्मन किंवा कोरियन माणूस असतो, लंडनचा नव्हे. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली अशा बिगरइंग्रज-बिगरइंग्रज संभाषणासाठी लागणाऱ्या उच्चारांची यादी मांडली. स्वरांची लांबी-आखूड, शब्दाच्या सुरुवातीच्या प-ट-क मागचा श्वास आणि वाक्यात जोर कुठं द्यायचा, हे तीन मुद्दे तिच्यात आहेत. 'थिंक'साठी दातांत जीभ धरणं त्यात नाही, आपला थ चालतो. हे आमच्या स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सरांना आजतागायत पटलेलं नाही. दातांत जीभ धरण्यात आठवडा जातो, आणि पोरगं 'पिन' म्हणतं तेव्हा परदेशी माणसाला 'बिन' ऐकू येतं, त्याकडं कुणाचं लक्ष नाही! त्यासाठी वहीच्या कागदाची बोटभर पट्टी ओठांसमोर धरा. प म्हणताना ती हलली पाहिजे. न हलल्यास 'फळ'मधला फ म्हणायला सांगा, पण ओठ मिटून म्हणायचा, 'फॅन'मधला नको.

घरच्या भाषेला जागा द्या म्हणजे मराठीतून भाषांतर करून सांगा, असं मात्र नव्हे. ती चूक सगळ्यात जास्त होते. मराठी वर्गाची भाषा बनते आणि ओडिया पोरगं पुन्हा गप्प बसतं. समान भाषेच्या जोडीला दोन मिनिटं विचार करायला द्या, मग वेगवेगळ्या भाषांच्या चौघांचा गट करा. कोल्हापूर-इचलकरंजी एसटीच्या वेळापत्रकाचे चार तुकडे चौघांना वाटा. तुकडा दाखवायचा नाही, इंग्रजीत विचारूनच पूर्ण करायचा. तिथं इंग्रजीची गरजच पडते, नियम लागत नाही. भाषेत एकटं असलेलं मूल जोडीच्या वेळी चित्र काढेल किंवा स्वतःच्या लिपीत टिपून घेईल, चालतं.

साठ मुलांचा वर्ग असेल तर पहिले दोन आठवडे गोंगाट होणार, शेजारच्या वर्गातल्या मॅडमना आधीच सांगून ठेवा. घटक चाचणीत यातलं थेट काही येत नाही, तेव्हा आठवड्याला दोन तासच द्या. आणि एरडु-एळुची जोडी इंग्रजीशी तंतोतंत जुळत नाही, ब्रिटिश माणूस दुखण्याच्या पेनमध्ये ए म्हणता म्हणता शेवटी 'इ'च्या उच्चाराकडं घसरतो. सहावीला तेवढं लागत नाही. फळ्यावर जोड्या मात्र इंग्रजी अक्षरांतच लिहा. मी वर देवनागरीत लिहिल्यात, त्या तशाच उतरवल्या तर दोन्ही पेन सारखीच दिसतील.