खर्ऱ्याच्या दाहाने कॅन्सर होतो, मग बीसीजीच्या दाहाने तो मरतो कसा?

तुमच्या बाबांना मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, मूत्राशयात सोडणं सुरू आहे, दर वेळी लघवीला जळजळ होते, कणकण येते. पन्नीत घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंडाची आग होत राहिली की कॅन्सर होतो हे नागपुरात पोरासोरांनाही ठाऊक आहे, मग इथे मुद्दाम दाह कशाला, असं तुम्ही विचारलंय.

मी धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, औषध देणारा नाही. पण गाठीच्या स्लाइड रोज हातात असतात. काही गाठींच्या कडेने गडद निळ्या, मोहरीसारख्या गोल लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दाटून बसलेल्या दिसतात, तर काहींत एकही नसते. बीसीजी ही गर्दी मूत्राशयात बोलावून आणतं.

बोलावणं धाडतात ते सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात ती रसायनं. त्यातल्या टीएनएफचा, म्हणजे ‘गाठ मारणाऱ्या घटका’चा, शोधच असा लागला: १९७५ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांना आधी बीसीजी दिलं, मग जिवाणूंचं विष. त्यांच्या रक्तातलं सीरम गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना टोचलं, तर गाठी आतून काळ्या पडून मेल्या. माणसाच्या मूत्राशयात बीसीजी वापरल्याचा पहिला अहवाल कॅनडातून १९७६ साली आला.

त्या लिम्फोसाइटांतली टी-पेशी गाठीच्या पेशीला चिकटून परफोरिन नावाच्या प्रथिनाने भोक पाडते आणि ग्रॅन्झाइम ही मारक विकरं आत सोडते. पण ती चिकटणार किती जणींना? मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. तिने सोडलेली गॅमा इंटरफेरॉन आणि टीएनएफ ही दोन सायटोकाइन आजूबाजूला पसरतात, न शिवलेल्या पेशींपर्यंतही पोचतात. इंटरफेरॉनमुळे लपलेली पेशी स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडते, म्हणजे ओळखू येते. टीएनएफ पेशीवर बसला की आत दोन हुकूम सुटतात, जग आणि मर. एरवी ‘जग’ जिंकतो, म्हणून एकट्या टीएनएफने बहुतेक पेशी मरत नाहीत. इंटरफेरॉनची जोड मिळाली की पारडं फिरू शकतं, मग कॅस्पेज-८ हे पेशीतलं विकर जागं होऊन पेशी स्वतःलाच संपवते. गाठही गप्प बसत नाही. त्याच इंटरफेरॉनमुळे ती पीडी-एल१ नावाचं प्रथिन आपल्या पृष्ठभागावर आणून टी-पेशीला थोपवते.

खर्ऱ्याचं उलट आहे. तिथे गाठ संपवणारा असा जोरदार हल्ला होत नाही, मंद धग वर्षानुवर्षं राहते. त्यात तंबाखू-सुपारीतली विषं जनुकं बिघडवत असतात आणि टीएनएफचा ‘जग’ हा हुकूम बिघडलेल्या पेशींच्याच कामी येतो.

बाबांना सांगा, एक-दोन दिवसांची जळजळ आणि कणकण अपेक्षितच आहे. त्रास झाला नाही तर औषध लागू पडत नाही, असंही समजू नका. मात्र हुडहुडी भरून ताप आला किंवा ताप उतरेना, तर पुढच्या डोसची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बीसीजीत जिवंत जंतू असतात आणि क्वचित ते रक्तात शिरतात.